नवी एडिशन आली आणि टेबलावर डाइस पडायचेच थांबले

डंजन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून गोष्ट रचायच्या खेळाबद्दल एक पत्र आलंय (यात डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे फायटर, पॅलडिन, विझार्ड अशी एकेक भूमिका घेतात, आणि अनेक सेशन चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन):

"ताई, मी अडीच वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं एकच कॅम्पेन चालवतोय. पाच जण आहेत, सगळे नवव्या लेव्हलला. सुरुवात 2014 च्या नियमांवर केली होती. मध्यंतरी मी 2024 चं नवं प्लेयर्स हँडबुक घेतलं आणि सहज म्हणालो की बदलूया का, तेव्हापासून दोन सेशन नुसता वाद चाललाय. फायटर आणि रेंजरला आजच्या आज नवे नियम हवेत. पॅलडिनवाला म्हणतो माझ्या स्माइटची वाट लावलीये, बदललंत तर मी नाही खेळणार. विझार्डवाला दोन्ही बाजूंनी वाद घालतो, ड्रुइडवाली काहीच बोलत नाही. शेवटी डीएम मी आहे, तर मीच एकदाचं ठरवून टाकू का? आणि खरं सांग, नवी एडिशन वाईट आहे का? — कंटाळलेला डीएम"

अरे डीएम,

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नाही, वाईट नाहीये. काही ठिकाणी जुन्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, दोन-तीन ठिकाणी मला अजिबात पटलेली नाही, पण तुझं दुखणं ते नाहीच मुळी. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यात पॅलडिनवाल्याला एक ओळ मिळालीये. दोन सेशन, म्हणजे सात-आठ तास तरी झाले असतील, एवढ्या वेळात त्याला कुणी शांतपणे विचारलं का की बाबा तुझं नेमकं काय जातंय? मला वाटतं नाही विचारलं, कारण विचारलं असतं तर तू मला ते लिहिलं असतंस.

मीच सांगते त्याचं काय जातंय. जुन्या नियमांत त्याचा घाव लागला की तो स्लॉट (जादूचा मोजका साठा) जाळून स्माइट, म्हणजे दैवी जादा डॅमेज, लावू शकायचा, अ‍ॅक्शन नाही, बोनस अ‍ॅक्शन (टर्नला मिळणारी एक छोटी जादा कृती) नाही, काहीच लागत नव्हतं. नवव्या लेव्हलला त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट असतात, एकेका स्माइटचे 4 डी8 (आठ बाजूंचे डाइस), आणि एका टर्नला दोन हल्ले, म्हणजे दोन्ही लागले तर 8 डी8, सरासरी 36 डॅमेज, तेही तलवारीचं वेगळं. आता नव्यात स्माइट हा स्पेल झालाय आणि घाव लागल्यावर लगेच बोनस अ‍ॅक्शन खर्च करून टाकायचा, म्हणजे टर्नला एकदाच, 18 च्या आसपास. दुसऱ्याच्या टर्नला शत्रू पळताना जो फुकटचा हल्ला मिळतो त्यावरही आता नाही मारता येत, कारण बोनस अ‍ॅक्शन फक्त आपल्याच टर्नला असते. त्यातून तो स्पेल असल्यामुळे तोंडाने मंत्र म्हणावा लागतो, सायलेन्सच्या, म्हणजे आवाज बंद पाडणाऱ्या जादूच्या, वर्तुळात अडकला की संपलं, आणि समोरच्या जादूगाराने काउंटरस्पेल (दुसऱ्याची जादू अडवणारा स्पेल) टाकला की अगदी मोक्याच्या क्षणी हवाच निघाली.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेव. अडीच वर्षांत तुमच्या ग्रुपमध्ये जे किस्से परत परत सांगितले जातात ना, त्यातले निम्मे त्याच्या स्माइटचे असणार. नॅचरल 20 पडला, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर (डी20) थेट 20, सगळे उभे राहिले, त्याने मूठभर डी8 गोळा केले आणि टेबलावर टाकले. असा एकतरी प्रसंग तुमच्याकडे घडलाच असेल. क्रिटवर, म्हणजे असा 20 पडल्यावर, डाइस दुप्पट होणं नव्यातही आहे, ते गेलेलं नाही, हे त्याला नक्की सांग, कारण चिडलेला माणूस बऱ्याचदा अर्धाच नियम वाचतो. पण बाकी जे गेलंय ते खरंच गेलंय आणि त्याला 'अरे पण बॅलन्ससाठी केलंय' असं ऐकवणं म्हणजे ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना कसं कळणार, अशातली गत आहे.

मी 3.5 एडिशनपासून खेळतेय आणि 2008 मध्ये चौथी एडिशन आली तेव्हा आमच्या ग्रुपचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढं जीव तोडून का लिहितेय ते कळेल. आमच्या डीएमने तीन नवी पुस्तकं आणली आणि जाहीर केलं की पुढच्या वेळेपासून यावर. माझा विझार्ड होता, त्याच्या स्पेलबुकात दोन वर्षं एकेक स्पेल जमवलेला, काही विकत घेतलेले, काही मेलेल्या शत्रूच्या वहीतून उतरवलेले, आणि नव्या पुस्तकात सगळ्यांच्याच ताकदी एका साच्यात, काही कितीही वेळा वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. माझे बरेचसे स्पेल तिथे नव्हतेच किंवा भलत्याच रूपात होते. गंमत म्हणजे, गेम म्हणून चौथी एडिशन मला पुढे खूप आवडली, तिच्यातल्या लढाया फार मस्त होत्या आणि डीएमची तयारी तर किती सोपी झाली होती. पण त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं की माझी वही कुणीतरी न विचारता रिकामी केली. आम्ही दोघं बाहेर पडलो आणि काही महिन्यांत ग्रुपच विस्कटला. आजही वाटतं, त्याने एक फोन केला असता तर मी राहिले असते, कदाचित त्या नव्या पुस्तकाच्या बाजूनेही बोलले असते.

आणि हे काही आमच्यापुरतं नव्हतं. त्या काळात किती ग्रुप असे दुभंगले, 3.5 च्याच धाटणीवर बांधलेला पाथफाइंडर हा दुसऱ्या कंपनीचा खेळ 2009 मध्ये आला तो तिथेच राहिलेल्या लोकांच्या जिवावर उभा राहिला. मग आत्ताचं बघ. 2024 च्या ऑगस्टमध्ये, नवं हँडबुक यायच्या थोडं आधी, खेळ काढणाऱ्या कंपनीने सांगितलं की डिजिटल कॅरेक्टर शीटवर (कॅरेक्टरचे आकडे, ताकदी, स्पेल लिहिलेलं पान) जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू जाऊन त्या जागी नव्या येतील. लोक इतके भडकले की थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. आता नवे स्पेल काय वाईट होते का? क्युअर वूंड्स हा जखम भरणारा स्पेल 1 डी8 वरून 2 डी8 झाला, हीलिंग वर्ड 2 डी4 झाला, यात कुणाचं नुकसान आहे सांग. तरी लोक चिडले, कारण शीट आपली आणि त्यावर खोडरबर दुसऱ्याचा. तुझ्या टेबलावर नेमकं हेच चाललंय, बाकी सगळा काथ्याकूट वरवरचा आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की अर्धं तू ठरव, अर्धं अजिबात ठरवू नकोस. जे कॅरेक्टर शीटवर लिहिलेलं आहे ते ज्याचं त्याचं. जे तुझ्या स्क्रीनमागे, म्हणजे डीएमच्या आडोशामागे, आहे ते तुझं.

तुझ्या बाजूचं आधी उरकते. सरप्राइज: जुन्यात बेसावध सापडलेला माणूस पहिल्या टर्नला हलूच शकत नाही, नव्यात त्याला फक्त इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण) रोल डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोनदा टाकून लहान आकडा घेऊन) करावा लागतो. मी नवा घेतला, कारण जुन्यात एक चांगला सापळा लावला की लढाई सुरू व्हायच्या आतच संपायची आणि मग डीएम लोक पार्टीला शत्रूला कधी बेसावध पकडूच द्यायचे नाहीत. एग्झॉशन, म्हणजे थकवा: जुन्यात सहा पायऱ्यांवर सहा वेगळे परिणाम, दर वेळी पुस्तक उघडा, नव्यात प्रत्येक पायरीला डी20 च्या रोलमधून 2 वजा आणि वेग 5 फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मृत्यू. हा सरळ घेऊन टाक, कुणाचं काही जात नाही. पोशन (बरं करणारं औषध) पिणं बोनस अ‍ॅक्शन झालंय, हे तर बहुतेक टेबलांवर घरचा नियम म्हणून आधीपासूनच चालू होतं. राक्षसांचं मात्र जपून कर. नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले बरेच प्राणी घाव लागला की सेव्ह (वाचण्यासाठीचा रोल) न देताच खाली पाडतात, साधा लांडगासुद्धा, जुन्यात निदान स्ट्रेंथ सेव्ह तरी मिळायचा. तेव्हा कॅरेक्टर जुनी आणि राक्षस नवे अशी खिचडी केलीस तर पार्टीला एकदम जड जाईल आणि दोष परत नव्या एडिशनला. कॅरेक्टर बदलली की मगच राक्षस बदल.

आता शीटवरचं. एक गोष्ट लक्षात घे, ज्या बदलांवर सगळ्यात जास्त चर्चा होते त्यातल्या कितीतरी तुमच्या कामाच्याच नाहीत. रेसला आता स्पीशीज म्हणायचं, अ‍ॅबिलिटी स्कोअरची वाढ तिथून उचलून बॅकग्राउंडला दिली, प्रत्येक क्लासचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला, पहिल्याच लेव्हलला ओरिजिन फीट (खास कौशल्य), हे सगळं नवं कॅरेक्टर बनवताना लागतं. तुमची पोरं नवव्या लेव्हलला आहेत, त्यांचे आकडे कधीच ठरून गेलेत. यावर एक मिनिटही घालवू नका.

उरलेल्या प्रत्येक नियमाला मी एकच प्रश्न विचारते, हा बदल कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे आणि ते दुखणं आपल्या टेबलाला आहे का? नसेल तर औषध कशाला घ्यायचं.

कंजुअर अ‍ॅनिमल्स घे. जुना स्पेल आठ लांडगे बोलवू शकायचा. लांडगे कळपाने लढतात म्हणून अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), म्हणजे आठ हल्ल्यांचे सोळा डी20, वर लागलेल्या प्रत्येक घावाला खाली पडायचा सेव्ह, हे दर राउंडला, आणि तोवर बाकीचे चौघं छताकडे बघत बसलेत. नव्यात तो अख्खा कळप एकच फिरता आकार आहे, जवळ आला की समोरच्याने डेक्स्टेरिटी सेव्ह करायचा, नाही जमला तर 3 डी10. हे दुखणं मी इतक्या टेबलांवर पाहिलंय की नवा स्पेल डोळे मिटून घ्या असंच म्हणेन. पण थांब, तुझी ड्रुइडवाली गप्प आहे असं तू लिहिलंयस. ती हा स्पेल वापरते का? वापरत असेल आणि तिने त्या लांडग्यांना नावं दिली असतील, तर तिचं गप्प राहणं म्हणजे होकार आहे असं धरू नकोस. पॅलडिनवाला निदान ओरडतोय, त्यामुळे त्याचं दुखणं दिसतं तरी. जी गप्प आहे ती एक दिवस सहज म्हणेल की पुढचे काही आठवडे जमणार नाही, आणि मग कधीच जमणार नाही. मला तिची जास्त काळजी वाटते.

आता स्माइटवर परत. तो बदल झाला कारण पॅलडिन एकेका टर्नला दोन-दोन स्लॉट ओतून मोठ्या व्हिलनला दुसऱ्या राउंडलाच झोपवायचा. हे तुझ्याकडे होतंय का? होत असेल तर टर्नला एकदाच हा भाग बरोबर आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याला स्पेल करणं मला आजही पटत नाही, देवाचा कोप काउंटरस्पेलने कसा अडेल? माझ्या टेबलावर आम्ही असं केलंय की स्माइट टर्नला एकदाच, पण बोनस अ‍ॅक्शन लागत नाही, स्पेल धरायचा नाही, आणि दुसऱ्याच्या टर्नला हल्ला मिळाला तर तिथेही चालेल. एक वर्ष झालं, काही बिघडलं नाही. आणि तुझ्याकडे तो त्रास होतच नसेल, तुझे व्हिलन छान टिकत असतील, तर जुना स्माइट जसाच्या तसा राहू दे की, कोण तपासायला येतंय.

फायटर आणि रेंजरला एवढी घाई का आहे ते कळतं, वेपन मास्टरी. आणि ती आहेच मस्त, मी स्वतः फार खूश आहे तिच्यावर, कारण इतकी वर्षं फायटर म्हणजे मी मारतो, लागला, एवढा डॅमेज, मी परत मारतो. आता हातोड्याने ढकलता येतं, मोठ्या तलवारीने चुकला तरी थोडं लागतं, कुऱ्हाडीने शेजारच्यालाही. मला वाटतं ही मास्टरी तू जुन्या फायटरला आजच देऊन टाक, त्याला एडिशन बदलायची गरजच नाही, वरून चिकटवता येते. फक्त टॉपल नावाची, समोरच्याला खाली पाडणारी, जी आहे तिच्यावर लक्ष ठेव, प्रत्येक घावाला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आला की लढाई परत लांबते, त्याला सांग की सेव्हचा नंबर तोंडपाठ ठेव, दर वेळी शोधत बसू नकोस.

पण या दोघांना एक प्रश्न विचार. फायटरकडे ग्रेट वेपन मास्टर फीट आहे का, आणि रेंजरकडे शार्पशूटर? असेल तर त्यांना नवं पान वाचायला लाव. ते रोलमधून 5 वजा करून डॅमेजला 10 मिळवायचं जे होतं ना, ते दोन्हीकडून गेलंय. फायटरला त्याऐवजी डॅमेजला प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) मिळतो, नवव्या लेव्हलला 4, पण रोलमधून काही वजा नाही. रेंजरच्या फीटमध्ये तर डॅमेजची भरच नाही. शिवाय रेंजरचा सगळा डोलारा हंटर्स मार्क या, सावज ठरवून त्यावर जादा डॅमेज देणाऱ्या, स्पेलवर उभा केलाय, तो फुकट टाकायला मिळतो हे ठीक, पण त्याला अजूनही कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे दुसरा चांगला स्पेल धरला की हा सुटला. नव्या एडिशनमधला मला न आवडलेला हा दुसरा भाग. मुद्दा काय, जे नव्यासाठी ओरडतायत त्यांनी आपलं काय जातंय ते बहुतेक वाचलेलं नाही. हे त्यांना हिणवायला सांगू नकोस हं, फक्त पान समोर ठेव. स्वतःचं दहा डॅमेज जाताना दिसलं की पॅलडिनचं दुःख आपोआप समजतं.

विझार्डवाल्याबद्दल फार काही नाही. त्याचा काउंटरस्पेल बदललाय, समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो आणि अडवला गेला तरी त्याचा स्लॉट वाचतो. तुझा मोठा जादूगार व्हिलन एकदम फुसका ठरणार नाही म्हणून मला आवडतो, आणि उलट दिशेने विझार्डचाही स्लॉट वाचतोच. त्याला वाद घालायची हौस आहे ना, मग त्यालाच काम दे, पाचही शीटवर काय येतं आणि काय जातं याचा एक कागद बनव म्हणावं, मत न लिहिता. असे लोक कामाला लागले की फार उपयोगी असतात.

मग करायचं कसं. कॅम्पेनच्या मध्ये, अर्धवट डंजनमध्ये काही बदलू नकोस. एक छोटी बाजूची गोष्ट आखून ठेव, दोन किंवा तीन सेशनची, मूळ कथेत ज्याने काही फरक पडणार नाही अशी, स्वप्न म्हण, जुनी आठवण म्हण, काहीही. तिथे सगळ्यांनी आपल्याच कॅरेक्टरची नवी शीट करून खेळायचं, जुनी शीट फाइलमध्ये सुरक्षित, मेलं तर खरं मरत नाही. त्यात एक मोठी लढाई हवीच, आणि एक सेशन असं हवं की ज्यात दिवसभरात तीन-चार लढाया होतात, कारण स्लॉट पुरवून वापरावे लागले की नवा स्माइट तितका वाईट वाटत नाही आणि एकाच मोठ्या लढाईत फार वाईट वाटतो, दोन्ही दिसलं पाहिजे. कागदावर मीही पोशनवाला नियम फालतू म्हणाले होते, टेबलावर पहिल्याच रात्री मत बदललं, आणि ज्या हंटर्स मार्कबद्दल आशा होती त्याने निराश केलं. नुसतं वाचून नाही कळत रे, हातात डाइस असले की कळतं.

त्यानंतर एक वेगळी बैठक, खेळायची नाही, तासाभराची. मतदान अख्ख्या एडिशनवर घेऊ नका, तीन विरुद्ध दोन झालं की दोन जण हरले एवढंच होतं. एकेक नियम घ्या, आणि ज्याचं त्यात जातंय त्याने आधी बोलायचं, बाकीच्यांनी मग. तो नाही म्हणाला तर त्याच्या शीटवर जुना राहतो, एका टेबलावर जुना पॅलडिन आणि नवा फायटर शेजारी बसले तर काही आकाश कोसळत नाही, नवं पुस्तक स्वतःच जुन्या पुस्तकांतलं साहित्य कसं वापरायचं ते सांगतं. फक्त जो स्पेल दोघांकडे आहे त्याची एकच आवृत्ती ठेवा, नाहीतर क्युअर वूंड्स कुणाचा किती हे विचारण्यातच वेळ जाईल. आणि सेशन चालू असताना नियमावर चर्चा बंद, अगदी बंद. तू त्या क्षणी निर्णय दे, वहीत टिपून ठेव, चुकलं असेल तर नंतर मान्य कर. तेवढा हक्क तुझा आहे आणि तो तू वापरत नाहीयेस म्हणून ही दोन सेशन वाया गेली, हे जरा कडक वाटेल पण खरं आहे.

आज काय करायचं तर दोन फोन. ग्रुपवर मेसेज नको, फोनच. पहिला ड्रुइडवालीला, तिला विचार की तुला तुझ्या कॅरेक्टरमधलं काय सगळ्यात जास्त आवडतं, एडिशनचं नावही काढू नकोस, आणि ती बोलेल तेवढं ऐक. दुसरा पॅलडिनवाल्याला. त्याला म्हण, तुझ्या शीटवरच्या स्माइटला तू म्हणेपर्यंत कुणी हात लावणार नाही, आणि आता मला सांग, आत्तापर्यंतचा तुझा सगळ्यात भारी स्माइट कोणता होता.